साहेबाची विहीर आणि ठाकरांचा डोंगर

२०११ साली आम्ही न्यूझीलंडमध्ये उतरलो तेव्हा आमच्या बॅगांपैकी एकीत कपडे नव्हतेच. तिच्यात पुस्तिका होत्या. आठ पानी, सोळा पानी, गुलाबी नाहीतर पिवळ्या पातळ कव्हराच्या, मधोमध गंजलेली पिन असलेल्या. भीमजयंतीच्या मैदानात जमिनीवर प्लॅस्टिक अंथरून विकायला ठेवतात, तसल्या. कीड लागू नये म्हणून आजोबांनी प्रत्येकीच्या पोटात कडुनिंबाची वाळलेली पानं घातली होती. सामानात झाडपाला आहे का, या प्रश्नाला पप्पा विमानतळावर छातीठोकपणे ‘नाही’ म्हणाले. त्यांच्या मते ते पुस्तकं घेऊन चालले होते. हातमोजे घातलेल्या बाईने मग एकेक पुस्तिका उघडून पानं वेचायला घेतली.

“हे काय आहे?” तिने विचारलं.

“पॅम्फ्लेट्स.”

“आणि आत?”

“किड्यांनी वाचू नये म्हणून,” पप्पा म्हणाले.

बाई हसली. दंड झाला नाही. पाला मात्र सगळा गेला, आणि आई पुढे कित्येक दिवस म्हणत राहिली की एवढ्या जागेत दोन कुकर आले असते.

मी मराठी वाचायला शिकले ती याच पुस्तिकांवर. इथल्या लोअर हट शहरातल्या शाळेत माझ्या वर्गातली मुलं ड्रॅगनच्या गोष्टी वाचायची आणि मी घरी येऊन पाण्याच्या हक्काबद्दल, देवळांबद्दल, गिरणीतल्या संपाबद्दल वाचायचे. उद्गारचिन्हं मला फार लवकर आवडली. आमच्या घरात मत नसलेलं माणूस म्हणजे आजारी माणूस. आई म्हणायची, “या घरात भाजीला मीठ कमी पडलं तरी पत्रक निघतं.”

त्या गठ्ठ्यातली एक पुस्तिका आजोबांनी स्वतः लिहिलेली होती. ते जुन्नरकडे प्राथमिक शिक्षक होते. पुस्तिका एका इंग्रज कलेक्टरवर होती. मी इथे कोणाचंच नाव लिहिणार नाही, त्याचंही नाही. तसंही त्याचं आडनाव आमच्या गावात तोंडोतोंडी इतकं घासून गुळगुळीत झालं होतं की त्याच्या स्वतःच्या आईलाही ते ओळखू आलं नसतं. आम्ही त्याला ‘साहेब’ म्हणायचो. घरात दुसरा कोणी साहेब नव्हता, त्यामुळे घोटाळा व्हायचा नाही.

साहेबाचं चरित्र मला पाढ्यांसारखं पाठ होतं. तो मिसरूड फुटायच्या वयात बोटीने आला. मुन्शीकडून मराठी शिकला, पण मुन्शीची मराठी बोलायचा नाही, आमच्या गावची बोलायचा. ठेचा खाऊन रडला आणि पुन्हा मागितला. त्याची बायको तापाने गेली, तिला छावणीच्या दफनभूमीत पुरलं, आणि तरी तो राहिला. आमच्या लोकांना गावच्या तळ्यावर पाणी भरू देत नव्हते म्हणून त्याने वस्तीत विहीर खणून दिली. सरकारी दौऱ्यांचं सामान आमच्या लोकांच्या डोक्यावरून फुकट न्यायचं, ही वेठ त्याने बंद केली. ओझं उचलायच्या आधी मजुरी हातावर, असा हुकूम काढला. मग म्हातारा होऊन मायदेशी गेला, सोबत आंब्याची कोय नेली आणि थंडीत लावली. अर्थात ती उगवली नाही.

पण खरी गोष्ट शाळेची. पप्पा ती सांगायला लागले की हातातलं काम खाली ठेवायचे. शाळा तपासायला साहेब आला. आमची मुलं बाहेर ओट्यावर, बाकीची आत. साहेब काही बोलला नाही. त्याने शिपायाला खुर्ची बाहेर आणायला सांगितली आणि तो ओट्यावर आमच्या मुलांच्या शेजारी बसला. मास्तर आत, साहेब बाहेर. आता तपासणी कशी व्हायची? शेवटी मास्तरला फळा उचलून बाहेर आणावा लागला, नकाशा आणावा लागला, आणि आतल्या मुलांनाही उन्हात यावं लागलं. दुसऱ्या दिवशी सगळी शाळा आत बसली. ओट्यावरच्या त्या मुलांत पप्पांचे पणजोबा होते.

“एक शब्द नाही बोलला!” पप्पा दर वेळी म्हणायचे. “नुसती खुर्ची हलवली.”

मराठी मंडळाच्या गणपतीत कोणी काकू लाडू वाढता वाढता विचारायच्या, “आडनाव काय म्हणालात? मूळचे कुठले?” तेव्हा पप्पा शांतपणे सांगायचे, “जुन्नरजवळचे. साहेबाच्या विहिरीवरचे.” काकूंना काही कळायचं नाही, आणि पप्पांना तेच हवं असायचं.

मी अशी वाढले. साहेब मला चुलत आजोबांसारखा वाटायचा. मग शाळेच्या शेवटच्या वर्षांत या देशाचा इतिहास शिकवायला सुरुवात झाली, आणि त्यातही साहेब होते. तेही इथली भाषा शिकलेले, त्यांनीही शाळा काढलेल्या, रस्ते बांधलेले, कागद नीट लावलेले. आणि कागद नीट लावता लावता इथल्या मूळच्या माओरी लोकांच्या हातातून डोंगरच्या डोंगर गेले होते. एका दुपारी मी वर्गात बसले असताना आजोबांच्या पुस्तिकेतली एक ओळ माझ्या डोक्यात आपोआप वाजली. साहेबाच्या सुधारणांच्या यादीत शेवटची: ‘साहेबांनी डोंगरावरचे जंगल राखले.’

लहानपणी ती ओळ मी टाळ्या वाजवून म्हटली होती. जंगल राखलं. कोणापासून राखलं? आमच्या गावामागच्या डोंगरावर ठाकर आदिवासी राहायचे. लाकूडफाटा, कंद, मध, थोडी नाचणी. राखलेल्या जंगलात त्यांच्या कोयत्याला बंदी झाली आणि आमच्या वस्तीला विहीर मिळाली. दोन्ही हुकूम एकाच हाताचे.

हे मी लगेच घरी बोलले नाही, असं मला म्हणायला आवडेल. मी त्याच संध्याकाळी बोलले. पप्पांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “जेवण झालं की बघू.” ते ‘बघू’ दोन वर्षं चाललं.

२०१८ मध्ये विषय टाळता येईनासा झाला. पप्पा पाणीपुरवठ्यात इंजिनिअर. त्यांच्या गटाला एका जुन्या पाइपलाइनच्या जागी नवी टाकायची होती आणि ती एका मराएच्या जमिनीला लागून जाणार होती. मराए म्हणजे माओरी लोकांचं सभेचं घर आणि त्यापुढचं अंगण. गावाची चावडी म्हणावी तर चावडीत पूर्वज राहत नाहीत, इथे राहतात. फावडं लावण्याआधी जाऊन भेटायचं, आपण कोण ते सांगायचं, असा रिवाज. पप्पांच्या ऑफिसात एक माओरी बाई होत्या, पन्नाशी ओलांडलेल्या, मोठ्या आवाजाच्या. त्यांना सगळे आंटीच म्हणायचे, त्यांचे वरिष्ठसुद्धा. त्या आमच्या घरी येऊन पोह्यांवर टोमॅटो सॉस घालून खायच्या आणि आई त्यांना ते करू द्यायची, यावरून आईचं त्यांच्यावर किती प्रेम होतं ते कळावं.

“तू बोलायचंस,” आंटींनी पप्पांना सांगितलं. “तू गटाचा प्रमुख. आपल्या बाजूने आधी माझा भाऊ बोलेल आमच्या भाषेत, मग तू तुझा पेपेहा म्हण. तुझा डोंगर, तुझी नदी, तुझे पूर्वज. आणि बायको-मुलीला आण. माणूस एकटा आला की कोणाचा आहे ते कळत नाही.”

“त्यांनी काय करायचं?”

“गायचं. तुझं बोलणं संपलं की तुझी माणसं उठून तुझ्या मागे उभी राहतात आणि गातात. गाणं नसेल तर बोलणं लंगडं. मागे कोणीच उभं राहिलं नाही तर…” आंटींनी पोह्यांचा चमचा हवेत धरला. “तसा माणूस मी एकदाच पाहिलाय. बिचारा.”

“मी बोलू का?” मी विचारलं. “गाण्यापेक्षा?”

“तिथे बाया भाषण नाही करत, डार्लिंग.”

मग मी जी काही सुरू झाले, समता, एकविसावं शतक, वगैरे. आंटी शेवटपर्यंत खात होत्या. “झालं? फाटकावर हाक कोण देतं? बाई. हाक दिली नाही तर तुझा बाप पाइप घेऊन रस्त्यावरच उभा. आणि भाषण लांबलं तर मध्येच गाणं सुरू करून त्याला खाली कोण बसवतं? बाई. आता सांग, मोठं कोण?”

आई पोह्यांवर खोबरं भुरभुरवत म्हणाली, “यांना खाली बसवायचं गाणं मला आधी शिकवा.”

पेपेहाने पप्पांची खरी पंचाईत केली. डोंगर सोपा. नदी? गावची नदी होती, पण तिच्या वरच्या अंगाला आम्हाला जायची बंदी. ज्या पाण्याला शिवू दिलं नाही ती माझी नदी कशी, असं म्हणत ते आठवडाभर कागदावर खाडाखोड करत होते. रविवारी सकाळी ते गॅरेजमध्ये सुकट भाजत बसले होते. घरात भाजली की धुराचा अलार्म बोंबलतो आणि शेजारी येतात. त्यांनी मला हाक मारली.

“या पुढारीबाई. ऐका.” आणि वाचून दाखवलं. डोंगर होता. नदीच्या जागी विहीर होती. आणि पूर्वजांमध्ये आजोबा, पणजोबा आणि साहेब.

“पूर्वजांत साहेब?”

“मग? त्याच्यामुळे आपण आहोत.”

“पप्पा, तिथे बसलेल्या लोकांची जमीन असल्याच साहेबांनी नेली. त्यांच्या अंगणात उभं राहून तुम्ही कलेक्टरचं नाव घेणार?”

“सगळे साहेब एक नसतात. याने वेठ बंद केली.”

“वेठ बंद करेपर्यंत याचे तंबू कोणी वाहिले?”

मला वाटलं होतं ते गडबडतील. ते सुकट हलवत राहिले. “माझ्या खापरपणजोबांनी,” ते म्हणाले. “आणि त्यांच्या मागे त्यांचा पोरगा चालत होता म्हणून तो साहेबाला दिसला, म्हणून शाळेत बसला. मला माहीत नाही असं वाटलं का तुला? आमच्या घरात तंबूची काठी सांगतात अजून, किती जड होती ते.”

“आणि डोंगर? ठाकरांचं जंगल?”

इथे मात्र ते थांबले. खालची सुकट करपली. “ते आजोबांनी चांगल्या अर्थाने लिहिलंय,” ते म्हणाले.

“तुम्ही त्याचं नाव घेतलंत तर मी उभी राहणार नाही. गाणार नाही.”

ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही, त्यांना राग येतच नाही, आणि म्हणून त्यांच्याशी भांडणं फार कठीण असतं. “बरं,” ते म्हणाले. “मी नाव घेणार. तू तुझं ठरव.”

आमच्याकडे गाणारी मी एकटी. आईचा सूर असा की तिनेच त्याला पत्ता देणं बंद केलंय. मी उभी राहिले नाही तर पप्पा त्या अंगणात लंगडे. ते दोघांनाही माहीत होतं. चौथ्या दिवशी आईने माझी निळी साडी इस्त्री करून दारामागे टांगली.

मराएला जायच्या सकाळी वारा असा होता की आईने पदराला तीन पिना लावल्या. फाटकाबाहेर आम्ही घोळक्याने उभे राहिलो. पलीकडून एका म्हाताऱ्या बाईची हाक आली, लांब, वर चढत जाणारी, आणि आमच्या बाजूने आंटींनी उत्तर दिलं. सॉस खाणाऱ्या आंटी त्या नव्हत्याच. त्या हाकेत दोन्हीकडच्या मेलेल्यांना आधी बोलावतात, असं आंटींनी सांगितलं होतं, आणि मला उगाच वाटलं की आजोबा पुस्तिकांची पिशवी घेऊन रांगेत मागे कुठेतरी आहेत.

आत अंगणात भाषणं झाली. आंटींचे भाऊ बोलले, त्यांच्यामागे ऑफिसचे लोक उभे राहून गायले. मग पप्पा उठले. जोधपुरी कोट, हातात कागद नाही. त्यांनी माओरीत सुरुवात केली, अडखळत, पण एकेक शब्द धुतल्यासारखा. डोंगर सांगितला. मग इंग्रजीत म्हणाले, “मला नदी सांगता येत नाही. आमच्या लोकांना नदीवर पाणी भरायची बंदी होती. म्हणून मी माझी विहीर सांगतो.”

समोरच्या बाकावर एक वृद्ध बसले होते, काठीवर दोन्ही हात. त्यांनी मान वर केली.

पप्पांनी आजोबा सांगितले, पणजोबा सांगितले. मग साहेबाचं नाव घेतलं, आमच्या गावच्या उच्चारात. “हा इंग्रज होता. कलेक्टर. त्याने विहीर खणली,” ते म्हणाले, आणि त्यांना पुढे काहीतरी म्हणायचं होतं. मला ते दिसत होतं, त्यांचा जबडा हलत होता. पण ते आलं नाही. ते तसेच उभे राहिले, अंगण आणि सभाघर यांच्या मधोमध, कोटाच्या बाह्या ओढत. मागे वळून पाहिलं नाही त्यांनी. वळून पाहिलं असतं तर मी कदाचित बसून राहिले असते.

आई उठली. सूर नसलेली माझी आई एकटी जाऊन त्यांच्या मागे उभी राहिली आणि तिने तोंड उघडलं. मग मी धावलेच.

आजोबांच्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर एक गाणं होतं, असतंच प्रत्येकीच्या. जात्यावरच्या चालीचं.

कोरड्या घागरीला मिळालं गं पाणी
साहेबाच्या विहिरीची ऐका ही कहाणी

मी ते गायले. सगळी कडवी. माझा आवाज वाऱ्यात मोठा लागला. आमच्याकडे गाणारा शेवटी आपलं एक कडवं जोडतो, आजोबाही जोडायचे, ज्या गावात गातील त्या गावचं. तिथे मला भाषणाची परवानगी नव्हती. गाण्याला मात्र कोणी अडवलं नव्हतं.

विहीर दिली आम्हां, डोंगर नेला त्यांचा
सांग रे साहेबा न्याय दोन्ही घरांचा

ते मराठी होतं, त्यामुळे तिथे ते फक्त दोघांना कळलं. आईने माझा हात दाबला. पप्पा तेव्हा वळले.

मग रांगेने नाकाला नाक लावून भेटी झाल्या आणि सगळे जेवायला गेले. मटण, कुमारा नावाची इथली रताळी, पावाचे ढीग. काठीवाले वृद्ध मुद्दाम आमच्या टेबलाशी येऊन बसले.

“छान गायलीस,” ते मला म्हणाले. मग पप्पांकडे वळून, “शेवटच्या ओळींना तुझा चेहरा बदलला. काय म्हणाली ती?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पप्पांनी हात वर केला. “मी सांगतो.” त्यांनी रुमालाने हात पुसले. आणि माझ्या बापाने, ज्याने मला साहेबाच्या गोष्टी सांगून झोपवलं होतं, एकेक शब्द निवडून त्या माणसाला सांगितलं, “ती म्हणाली, त्याने आम्हाला विहीर दिली. आणि आमच्या वरच्या डोंगरावर जे लोक राहत होते, त्यांचा डोंगर घेतला. हे मला तिथे उभं राहून सांगायचं होतं. मला जमलं नाही.”

वृद्धांनी बटाटा अर्धा केला. “आमच्या साहेबाने आम्हाला घंटा दिली,” ते म्हणाले. “चर्चची. चांगली घंटा आहे. अजून वाजते.” मग त्यांनी पप्पांना विचारलं, “त्या डोंगरवाल्यांना डोंगर परत मिळाला का?”

“माहीत नाही.”

“विचारलं नाहीस त्यांना?”

“मी कधी वर गेलोच नाही,” पप्पा म्हणाले.

हे मलाही माहीत नव्हतं. शाळेच्या ओट्यावरून जो डोंगर रोज दिसायचा, जो त्यांनी अर्ध्या तासापूर्वी ‘माझा डोंगर’ म्हणून सांगितला होता, त्यावर ते आयुष्यात एकदाही चढले नव्हते. आमची माणसं वर जात नसत, ठाकर आमच्या विहिरीवर येत नसत. कोणी अडवलं नव्हतं. पद्धतच नव्हती. आणि मी, दोन वर्षं ठाकरांच्या वतीने बापाशी भांडणारी, मीही एकाही ठाकराशी कधी बोललेले नव्हते.

वृद्धांनी पप्पांच्या ताटात मटणाचा एक मोठा तुकडा वाढला. “खा. खोदकाम मोठं आहे तुझं.”

गाडीत बसल्यावर पप्पांनी किल्ली लावली नाही. ते म्हणाले, “एक सांगू? ‘सांग रे’ नको होतं. आपण त्याला अरेतुरे कधी केलेलं नाही.”

“मी केलं.”

“ते दिसलं.” मग, “बाकी कडवं चांगलं आहे. पुढच्या आवृत्तीत घालू. त्याचं काही काढायचं नाही, पण हे घालू.”

“आवृत्ती काढतंय कोण?” मागून आई म्हणाली. “आणि ती ठेवायची कुठे? गॅरेजमध्ये सुकटीशेजारी?”

पप्पांनी फोन काढला. भारतात सकाळ झाली होती. गावातल्या चुलतभावाला लावला आणि फोन स्पीकरवर ठेवून गाडीच्या पुढच्या काचेपाशी टेकवला. पलीकडे बादलीचा आवाज, कोंबडा, मग काका.

“जयभीम! काय रे, एवढ्या सकाळी? सगळं बरंय ना?”

“बरंय. एक विचारायचं होतं. वर ठाकरवाडीत आपल्या ओळखीचं कोणी आहे का?”

“वर? ठाकरांत? नाही बुवा. का रे?”

“डिसेंबरात येतोय. जायचंय वर.”

“कशाला?” काका हसले. “डोंगरावर जागाबिगा घेतोस की काय, न्यूझीलंडवाले?”

पप्पांनी डोळे मिटले. मी फोनकडे हात नेला, माझ्याकडे काकांसाठी एक अख्खं पत्रक तयार होतं. आईने मागून माझी वेणी धरली.

“नाही रे,” पप्पा म्हणाले. “काही घ्यायचं नाही. भेटायला जायचंय नुसतं. आपल्यातलं कोणी गेलं नाही ना कधी.”

पलीकडे बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. “चढ लई आहे,” काका म्हणाले. “मी येऊ का बरोबर?”